मार्चच्या पाच तारखा, पाच गावं

मार्च महिना घरात शिरतो तोच गडबड घेऊन. मुलांच्या परीक्षा, ऑफिसात वर्षअखेरीचे हिशेब, होळीनंतर एकाएकी वाढलेलं ऊन आणि बाजारात नुसता वास घेऊन परत यावं असे पहिल्या आंब्याचे भाव. फिरायला जायचं म्हटलं की आपण सगळे बेत मे महिन्यावर ढकलतो. खरं तर याच दिवसांत पळस फुललेला असतो, पहाटे हवेत थोडा गारवा असतो आणि पर्यटनस्थळांवर अजून झुंबड उडालेली नसते.

म्हणून यंदा मार्चमधला एखादा दिवस मोकळा ठेवा. नेहमीच्या थंड हवेच्या ठिकाणाऐवजी एखाद्या तारखेच्या गावाला जा. म्हणजे असं गाव, जिथे याच महिन्यात, याच तारखेला काहीतरी घडलं आणि त्यानंतर आपलं जगणं बदललं. अशा पाच तारखा आणि पाच ठिकाणं इथे देत आहोत. तुम्ही पुण्या-मुंबईत राहत असा, बडोद्याला, दिल्लीला किंवा देहरादूनला, यातलं एखादं ठिकाण तुमच्या आवाक्यातलं नक्की असेल.

यादी पाहिलीत तर एक गोष्ट ध्यानात येईल. या पाच तारखांच्या मागे राजवाडे नाहीत, राज्याभिषेक नाहीत. आजाऱ्याची शुश्रूषा, मीठ, तळ्याचं पाणी, तीन तरुणांची राख आणि झाडं, एवढंच आहे. घरात रोज लागणाऱ्या किंवा रोज घडणाऱ्या गोष्टी. त्या मिळाव्यात किंवा करता याव्यात, म्हणून माणसांना केवढी किंमत मोजावी लागली, ते या जागा सांगतात.

१० मार्च १८९७ : पुणे

पुण्यातल्या गंज पेठेत महात्मा फुले वाडा आहे. दगडी जोतं, लाकडी खांब, पुढे अंगण आणि मागच्या बाजूला तुळशीवृंदावन. जोतिराव १८९० मध्ये गेले, तेव्हा अंत्यविधीचा टिटवा सावित्रीबाईंनी स्वतः धरला होता. बाईने असं पुढे होणं त्या काळात कोणी पाहिलेलं नव्हतं.

सावित्रीबाईंची मुलींची शाळा आपल्याला ठाऊक असते. ३ जानेवारीला, त्यांच्या जन्मदिवशी, भाषणंही होतात. १० मार्च मात्र बऱ्याच घरांत कुणाला आठवत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही महिन्यांत पुण्यात पसरला. लोक घरं सोडून पळत होते. रक्ताचे नातेवाईकही आजाऱ्याला हात लावायला धजत नव्हते. त्या वेळी सावित्रीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंत याला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू झाला. गावाबाहेरची मोकळी हवा आणि मोकळी जागा, असा तो विचार होता.

मुंढव्याच्या अस्पृश्य मानलेल्या वस्तीत एक मुलगा प्लेगने आजारी पडल्याचं त्यांना कळलं. त्या तिथे गेल्या आणि त्याला स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत चालत आल्या. त्यातून त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

फुले वाडा पाहून झाला की बुधवार पेठेकडे चालत जा. दगडूशेठ गणपतीसमोर जिथे भिडे वाडा होता, तिथेच १८४८ मध्ये मुलींची शाळा भरली होती. जुनी मोडकळीला आलेली इमारत २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडण्यात आली. त्या जागेवर राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलेलं आहे. मग वेळ असेल तर मुंढव्याहून हडपसरच्या बाजूला एक फेरी मारा. आज तो भाग म्हणजे उंच इमारती, हॉटेलं आणि संपता न संपणारं ट्रॅफिक. गाडीत बसूनही हा रस्ता नकोसा होतो. सहासष्ट वर्षांची एक बाई, पाठीवर तापाने फणफणलेलं मूल आणि मार्चचं ऊन, हे चित्र मुलांना तिथेच सांगा. आपण सगळ्यांनी करोनाचा काळ पाहिला आहे. आजाऱ्याजवळ जाण्याची भीती म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागत नाही.

१२ मार्च १९३० : साबरमती ते दांडी

गुजरातेत राहणाऱ्या मराठी वाचकांना साबरमती आश्रम काही नवा नाही. पाहुणे आले की त्यांना तिथे नेणं ठरलेलंच. पण १२ मार्चच्या सकाळी एकदा जाऊन पाहा. १९३० साली याच दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास गांधीजी आणि त्यांचे ७८ साथी इथून पायी निघाले. गांधीजी तेव्हा साठ वर्षांचे होते. सुमारे ३८५ किलोमीटरचं अंतर त्यांनी २४ दिवसांत कापलं, ५ एप्रिलला ते दांडीला पोहोचले आणि ६ एप्रिलच्या सकाळी समुद्रकाठचं मीठ उचलून त्यांनी कायदा मोडला.

मीठच का, हा प्रश्न तेव्हा काँग्रेसमधल्या पुढाऱ्यांनाही पडला होता. उत्तर स्वयंपाकघरात आहे. मीठ तयार करण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला होता आणि त्यावर कर लावला होता. लखपती जेवढं मीठ खातो, जवळजवळ तेवढंच मजूरही खातो. घाम गाळणाऱ्याला तर जरा जास्तच लागतं. म्हणजे या कराचा खरा चटका गरिबालाच. समुद्र समोर, मीठ पायाखाली, आणि ते उचललं तर गुन्हा! हे समजायला कुणाला शाळेत जावं लागत नव्हतं.

त्या ७८ जणांत एक मराठी सूर होता. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे आश्रमात संगीत शिकवत. आश्रमातल्या प्रार्थनांना आणि भजनांना त्यांनीच वळण दिलं होतं. तेही दांडीपर्यंत चालत गेले.

सगळा मार्ग चालणं आपल्याला शक्य नाही, पण गाडीने तो टप्प्याटप्प्याने पाहता येतो. पहिला मुक्काम अहमदाबादजवळच्या असलालीला होता. पुढे खेडा, आणंद, बोरसद या बाजूने जाऊन कंकापुऱ्याजवळ मही नदी लागते. इथे भरती-ओहोटीचं पाणी येतं. गांधीजींनी ही नदी रात्री ओलांडली, थोडी होडीतून आणि बरीचशी चिखल तुडवत. त्यापुढे भरूच, सुरत, नवसारी आणि दांडी.

सुरतच्या अलीकडे भटगाम नावाचं गाव आहे. तिथे काय घडलं ते मुलांना जरूर सांगा. यात्रेकरूंच्या सोयीसाठी सुरतेहून मोटारीने दूध-भाजी आणली जात होती आणि रात्री वाट दिसावी म्हणून मजुरांच्या डोक्यावर जड किटसन दिवे दिले होते. गांधीजींनी भर सभेत आपल्याच माणसांची खरडपट्टी काढली. व्हाइसरॉयच्या पगारावर टीका करायची आणि स्वतः गरिबाच्या डोक्यावर दिवा ठेवून चालायचं, हे त्यांना सहन झालं नाही.

नवसारीपासून दांडी पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. गांधीजी जिथे उतरले ती सैफी व्हिला अजून आहे. २०१९ मध्ये उघडलेलं मीठ सत्याग्रह स्मारकही मोठं आहे, त्यात पदयात्रींचे पुतळे आहेत. तिथवर गेलात तर जवळच्या कराडीलाही जा. तिथल्या झोपडीत असताना ५ मे १९३० च्या मध्यरात्रीनंतर पोलिसांनी गांधीजींना झोपेतून उठवून अटक केली होती. साबरमतीहून निघताना, स्वराज्य मिळेपर्यंत इथे परतणार नाही, असं ते म्हणाले होते. तो आश्रम पुन्हा त्यांचं घर झाला नाही.

एक सूचना: साबरमती आश्रमाच्या परिसरात मोठं पुनर्विकासाचं काम हाती घेतलेलं आहे. कोणता भाग खुला आहे, याची निघण्यापूर्वी चौकशी करा.

२० मार्च १९२७ : महाड

मुंबई-गोवा महामार्गावर कोकणात जाताना महाड लागतं. बहुतेक गाड्या वडापाव खाऊन पुढे जातात किंवा रायगडाकडे वळतात. गावात शिरून चवदार तळ्यापर्यंत जायला फार वेळ लागत नाही. रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेचं वीर स्टेशन जवळ आहे. पुण्याहून ताम्हिणी किंवा वरंध घाटातून येता येतं.

तळं पाहून मुलं कदाचित विचारतील, ‘यात एवढं काय आहे?’ चौकोनी बांधलेलं तळं, काठावर घरं आणि रस्ता, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: या पाण्यावर गुरं येत होती, पक्षी येत होते. कोणत्याही धर्माचा माणूस येऊ शकत होता. फक्त अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला बंदी होती.

कागदावर ती बंदी आधीच उठली होती, ही गोष्ट विसरू नका. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचं ठरलं. सुरबानाना टिपणीस अध्यक्ष असताना महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं करण्याचा ठरावही केला. तरी तीन वर्षं एकाही अस्पृश्य माणसाला त्या पाण्याला हात लावता आला नाही. ठराव दप्तरात राहिला आणि भीती गावात.

मग रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे आणि इतरांच्या खटपटीतून १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. दुसऱ्या दिवशी हजारोंचा जमाव शिस्तीत, रांगेने तळ्याकडे निघाला. बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यांच्या मागून इतरांनीही ओंजळी भरल्या. थोड्याच वेळात, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात पसरली आणि परतणाऱ्या लोकांवर काठ्या चालल्या. उलट हल्ला करू नका, असं बाबासाहेबांनी आपल्या लोकांना बजावलं होतं. ते त्यांनी पाळलं.

पुढे काय झालं तेही त्या काठावर उभं राहून सांगण्यासारखं आहे. शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरींनी तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली, तेव्हा मांडवासाठी जागा मिळेना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. त्या परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. महाडमधला क्रांतिस्तंभ त्याची आठवण देतो. तळं खाजगी मालकीचं आहे, असा दावा लावून काही जण कोर्टात गेले. तो खटला दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे महाडच्या मार्चमध्ये दोन तारखा आहेत, एक ओंजळीची आणि एक निकालाची. दोन्हींमध्ये दहा वर्षांचं अंतर.

२० मार्चला इथे लाखो लोक येतात. तुम्हाला शांतपणे तळं पाहायचं असेल तर आदल्या आठवड्यात जा. पण जमलं तर त्या गर्दीतच जा. काठावर पुस्तकांचे स्टॉल लागलेले असतात. डोक्यावर गाठोडं घेतलेल्या आज्या नातवंडांचं बोट धरून पायऱ्यांपाशी येतात, वाकतात, पाण्याला हात लावतात. त्यांच्या घरात ही गोष्ट पुस्तकातून आलेली नसते.

२३ मार्च १९३१ : हुसैनीवाला

पंजाबात फिरोजपूर शहरापासून दहा-अकरा किलोमीटरवर, सतलज नदीच्या काठी, पाकिस्तानच्या सीमेला अगदी लागून हुसैनीवाला आहे. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांची समाधी इथे आहे. पंजाबात नोकरीला किंवा सैन्यात असलेल्या मराठी कुटुंबांनी तर इथे एकदा यायलाच हवं. कारण यातले शिवराम हरी राजगुरू आपल्या पुण्याजवळच्या खेडचे. भीमेकाठच्या त्या गावाला आज राजगुरुनगर म्हणतात आणि त्यांचा वाडाही तिथे पाहता येतो.

तिघांना २४ मार्चला फाशी द्यायचं ठरलं होतं. लोकांचा क्षोभ होईल, या धास्तीने सरकारने ती आदल्या दिवशी संध्याकाळीच लाहोरच्या तुरुंगात उरकली. देह घरच्यांना दिले नाहीत. रातोरात ते सतलजच्या काठी आणून जाळले आणि राख नदीत टाकली. राजगुरू त्या वेळी बावीस वर्षांचे होते, बाकी दोघे तेविशीतले. तुमच्या घरात कॉलेजात जाणारं किंवा पहिल्या नोकरीला लागलेलं मूल असेल, तर हे आकडे वाचून क्षणभर थांबावंसं वाटेल.

या जागेची पुढची गोष्टही कमी विलक्षण नाही. फाळणीत हा तुकडा पाकिस्तानात गेला. १९६१ मध्ये सुलेमानकी हेडवर्क्सजवळची बारा गावं देऊन भारताने तो परत मिळवला आणि १९६८ मध्ये स्मारक उभं राहिलं. १९७१ च्या युद्धात त्याची नासधूस झाली आणि पुतळे पाकिस्तानी सैन्याने नेले. १९७३ मध्ये स्मारक पुन्हा बांधलं. भगतसिंगांबरोबर असेंब्लीत बॉम्ब टाकणारे बटुकेश्वर दत्त १९६५ मध्ये दिल्लीत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांनाही इथेच अग्नी दिला गेला.

हुसैनीवाला हे रेल्वेचं शेवटचं टोक आहे. पूर्वी ही लाइन पुढे लाहोरकडे जायची. आता रूळ इथे संपतात आणि २३ मार्चच्या शहीदी मेळ्याला फिरोजपूरहून खास गाडी सोडतात. संध्याकाळी सीमेवर ध्वज उतरवण्याचा कार्यक्रम असतो. तो वाघा-अटारीएवढा भपकेबाज नाही, पण तुम्ही त्याच्या बरेच जवळ बसता. सोबत ओळखपत्र ठेवा, मोठ्या बॅगा हॉटेलवरच सोडा.

२६ मार्च १९७४ : रैणी

शेवटचं गाव सगळ्यांत लांबचं. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठाहून मलारीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रैणी आहे. खाली ऋषिगंगा, वर देवदारांचं जंगल आणि समोर नंदादेवीच्या बाजूची शिखरं.

१९७० च्या अलकनंदेच्या पुराने इथल्या लोकांना एक धडा दिला होता: वरची झाडं गेली की खालची गावं जातात. तरी रैणीजवळच्या जंगलातल्या सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झाला. २६ मार्चला गावातले पुरुष चमोलीला गेले होते. १९६२ च्या युद्धानंतर सैन्यासाठी घेतलेल्या जमिनींची भरपाई त्या दिवशी मिळणार होती. गाव मोकळं आहे, हे साधून ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन जंगलाकडे निघाली. एका मुलीने त्यांना पाहिलं आणि ती गौरादेवींकडे धावली.

गौरादेवी गावाच्या महिला मंडळाच्या प्रमुख होत्या. तरुणपणीच विधवा झालेल्या, शाळा न शिकलेल्या. हाती असलेली कामं टाकून त्या सत्तावीस बायका-मुलींसह जंगलात गेल्या आणि झाडांपुढे उभ्या राहिल्या. समोरच्यांनी शिव्या दिल्या, एकाने बंदूक दाखवली. हे जंगल आमचं माहेर आहे, ते तोडू देणार नाही, असं गौरादेवींनी त्यांना सुनावलं. ‘माहेर’ हा शब्द ऐकल्यावर आपल्याकडच्या बायकांना वेगळं काही समजावून सांगायला नको. अडीनडीला जिथून हमखास काहीतरी मिळतं, ती जागा. सरपण, चारा, औषधी मुळ्या, पाणी, सगळं त्या जंगलातूनच येत होतं. बायकांनी रात्रभर पहारा दिला आणि माणसं परत गेली. पुढे सरकारने समिती नेमली आणि या भागातल्या वृक्षतोडीवर दहा वर्षांची बंदी आली. चिपको आंदोलनाचं नाव जगभर झालं ते इथून.

आता इथे येणाऱ्याला दुसरीही गोष्ट पाहावी लागते. ७ फेब्रुवारी २०२१ ला वरच्या कड्यावरून बर्फ आणि खडक कोसळले. ऋषिगंगेला आलेल्या लोंढ्याने रैणीजवळचा वीजप्रकल्प वाहून नेला. दोनशेहून अधिक माणसं दगावली किंवा बेपत्ता झाली. त्याच वर्षी पावसात गावातल्या जमिनीला भेगा पडल्या. ज्या गावाने जंगल वाचवलं, त्याच गावातले लोक आता आम्हाला दुसरीकडे जागा द्या, असं म्हणू लागले. २०२३ मध्ये जोशीमठातल्या घरांना पडलेल्या भेगा तर आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिल्या. त्यामुळे रैणीला गेलात तर सेल्फीपुरतं थांबू नका. गावातल्या बायकांशी बोला, चहा घ्या, त्यांच्याकडचा राजमा विकत घ्या. ऋषिकेशहून जोशीमठ साधारण अडीचशे किलोमीटर आहे, पूर्ण दिवस लागतो. मार्चअखेरही चांगली थंडी असते. रस्त्याची खबर घेऊनच निघा.

निघण्यापूर्वी

पाचही ठिकाणं एका मार्चमध्ये होणार नाहीत आणि तशी घाईही नको. जवळचं एक निवडा. परीक्षेचा पेपर आड येत असेल तर तारखेच्या आधी किंवा नंतर जा, जागा कुठे जात नाही. दुपारचं ऊन टाळा, पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या घ्या. जाण्याआधी घरात जेवताना ती गोष्ट एकदा बोलून घ्या, म्हणजे तिथे गेल्यावर मुलं फलक वाचत बसणार नाहीत, प्रश्न विचारतील.

प्रश्न येतीलच. तळ्याचा ठराव झाला होता, मग तीन वर्षं पाणी का दिलं नाही? जंगल वाचवणाऱ्या गावावरच पूर का आला? प्रत्येक प्रश्नाला आपल्याकडे नेटकं उत्तर असेल असं नाही. पण परतीच्या प्रवासात गाडीत तोच विषय चालू राहिला, तर मार्चमधली ती एक सुट्टी सत्कारणी लागली असं समजा. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दूध आणि गॅसच्या नोंदींच्या शेजारी, त्या तारखेभोवती पेनाने एक गोल करून ठेवा. पुढच्या वर्षी तो कुणी केला होता, हे मुलांना आठवेल.